डावीकडची मोकळी जागा

१२ जानेवारी

भिंगरी,

आईचा नियम पाळायचा म्हणून लिहितोय. नाहीतर सामना संपल्याची शिट्टी वाजताच फोन केला असता आणि आपण दोघांनी नेहमीप्रमाणे एकमेकांच्या कानात फोन आपटला असता. फुटबॉलवर फोनवर बोलायचं नाही, जे काय असेल ते कागदावर लिहा, पाकीट चिकटवेपर्यंत डोकं थंड होतं, असं तिचं म्हणणं. पाकीट समोर आहे, डोकं काही थंड झालेलं नाही.

काल टीव्हीवर तुमचा सामना पाहिला. आमच्या कारखान्याच्या संघातला जुना गोली आला होता. तीन गोल खाल्लेत, त्यातले दोन तुझ्या बाजूने. पहिल्या गोलाला त्यांची विंगर तुझ्या डाव्या बाजूने एकटी धावत होती. तिच्या आसपास चिटपाखरूही नव्हतं. मी ओरडलो, "आमची फुलबॅक कुठाय?" गोली म्हणाला, "ती बघ, मैदानाच्या मध्यात उभी आहे." मला वाटलं, तो चेष्टा करतोय. मग तू दिसलीस. खरंच मध्यात! डाव्या फुलबॅकचं मध्यात काय काम? लग्न लागत होतं का तिथे?

दुसऱ्या गोलाला तेच. पेपरवाल्याने सगळ्यांना दहापैकी गुण दिलेत, तुला चार. खाली एक ओळ : "बाजू वाऱ्यावर सोडली." मला राग त्याचा आला नाही, त्याचं बरोबर होतं म्हणून आला. एवढी वर्षं मी बाटल्यांच्या पट्ट्यावर बसतोय. दिव्यासमोरून बाटली जाते, तडा दिसला की उचलून बाजूला. तिथे कोणाची गय करत नाही, मग स्वतःच्या मुलीची कशी करू?

लहानपणी कारखान्यामागच्या मैदानात तुला काय शिकवलं होतं? फुलबॅक म्हणजे घरात थांबणारं माणूस. बाकीचे गेले हुंदडायला तरी एकाने दाराशी बसायचं. तू जास्त पुढे गेलीस की मी "घर!" असं ओरडायचो आणि तू गिरकी मारून रेषेवर परत यायचीस. भिंगरी हे नाव त्यावरूनच पडलं. आता ते मैदान मोडलं, तर शिकवणही मोडली का?

मे महिन्यात हंगाम संपतो आणि तुझा करारही. नवी कोचबाई तुला ठेवणार की घरी पाठवणार, हा एकच विचार डोक्यात असतो. पट्ट्यावर बसलो तरी पाय हलत राहतात. असंच खेळलीस तर कोण ठेवेल, तूच सांग.

बाबा

ता. क. मी आई. स्वेटर पोचला का? चार गुणांचं मनावर घेऊ नकोस. शाळेत तुला गणितात दोन मिळाले होते, तेव्हा हे सिनेमाला गेले होते.

१९ जानेवारी

बाबा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा लांबीने मोठ्याने वाचून दाखवलं. लांबी म्हणजे माझ्या खोलीत राहते ती, गोलसमोर बचावाला उभ्या राहणाऱ्या आमच्या दोन स्टॉपरांपैकी डावीकडची. दाराच्या चौकटीला डोकं आपटतं एवढी उंच आहे. "लग्न लागत होतं का" या वाक्याला ती पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

मी वाट चुकून मध्यात जात नाही. मला पाठवतात. बॉल आमच्याकडे असला की मी रेषा सोडून आत यायचं, म्हणजे मध्यात आमचं एक माणूस जास्त होतं आणि समोरच्यांना बॉल हिसकावता येत नाही. आमची विंगर रेषेवर राहते, मी आत. कोचबाईंनी यंदा सगळी रचनाच तशी बसवली आहे. माझी मागची जागा दुसऱ्या कोणीतरी बघायची असते. कोणी, ते लिहीत नाही. इथलं इथेच राहायला हवं. तुम्ही गोलीकाकांना सांगाल आणि गोलीकाका सगळ्या गावाला.

तुम्ही म्हणाल, सबबी सांगते. मग खरं सांगते. तुमच्या वेळी सोपं होतं. विंगर पुढून गेला की फुलबॅक चुकला, संपलं. इथे मी सांगितल्याप्रमाणे केलं तरी गोल होतो, आणि न सांगितलेलं केलं तरी कधी कधी वाचतो. सामना संपल्यावर मला स्वतःलाच कळत नाही की मी बरी खेळले की वाईट. खोलीत दोन खाटांच्या मधल्या जागेत येरझाऱ्या घालते. लांबी म्हणते, बस एका जागी, फरशी झिजेल.

करार मलाही आठवतो. दात घासताना आठवतो, बुटाची नाडी बांधताना आठवतो. तुम्ही वेगळी आठवण करून द्यायची गरज नाही.

स्वेटर मिळाला. आईला सांगा, बाह्या लांबीच्या मापाच्या झाल्यात.

भिंगरी

२७ जानेवारी

भिंगरी,

"पाठवतात" म्हणे! उद्या विहिरीत उडी मार म्हणतील.

"दुसरं कोणीतरी बघेल." या एका वाक्यावर घरंच्या घरं बुडाली आहेत. आमच्या खात्यात परवा तेच झालं. मला वाटलं पुढचा बघेल, पुढच्याला वाटलं मी बघितलंय, आणि तडा गेलेला पेटीभर माल बाहेर. तुझ्या मागे कोणीतरी असेल, पण टीव्हीवर मला एकदाही कोणी दिसलं नाही. गोल झाल्यावर मात्र सगळे तुझ्याकडे बघत होते, ते स्वच्छ दिसलं.

मी पुढच्या रविवारी येतोय. सुट्टी टाकली आहे. आईला दुपारची पाळी आहे, ती येणार नाही. तुझ्याच बाजूला, रेषेलगत, पहिल्या रांगेत बसतो. एकदा जवळून बघितलं की काय चाललंय ते कळेल. काळजी करू नकोस, तोंडातून शब्द काढणार नाही.

बाबा

५ फेब्रुवारी

भिंगरी, माझी वाघीण,

गाडीतच लिहायला घेतलंय, अक्षर लागलं नाही तर लांबीकडून वाचून घे.

आता कशी खेळलीस! अशी फुलबॅक बघायला मी एवढ्या लांब आलो. पहिली पंधरा-वीस मिनिटं जीव टांगणीला लागला होता. बॉल तुमच्याकडे आला की तू निघालीस आत. माझ्यासमोर हे एवढं मोठं मोकळं गवत. त्यांची विंगर तिथे हात वर करून उभी. मी स्वतःला आवरलं, देवाशपथ आवरलं, पण तिसऱ्यांदा तू निघालीस तेव्हा तोंडातून गेलंच : "घर!" आणि तू गिरकी मारलीस. जशी त्या मैदानात मारायचीस तशी. त्यानंतर फार ओरडावं लागलं नाही, पाच-सहा वेळाच.

मध्यंतरात तुम्ही बाजू बदलल्यात, म्हणजे तू गेलीस पलीकडच्या रेषेला. मीही गेलो. राखणदार तिकीट दाखवा म्हणून आडवा आला. त्याला म्हटलं, बाबा रे, माझी मुलगी त्या बाजूला गेली आहे, मी या बाजूला बसून काय करू? सोडलं त्याने.

विंगरला तू हलूही दिलं नाहीस. शेवटी तर ती कंटाळून बाजू बदलून गेली. हरलात, हे खरं. पण तो गोल मधून आला, तुझा त्याच्याशी काही संबंध नाही. मध्यात तुमच्या त्या एकट्या मुलीला तिघी मिळून घेरत होत्या, तिला कोणी मदतच करत नव्हतं. कोचबाईचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

आजच्या पेपरात तुला आठ! "डावी फुलबॅक अखेर आपल्या जागी थांबली आणि संघात तीच एकटी उठून दिसली." कापून ठेवतोय. खात्यात दाखवणार आहे. असेच दोन-तीन सामने खेळ, करार तुझ्या पायाशी चालत येईल.

बाबा

२० फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र नाही. आईशी फोनवर बोलतेस, खाल्लं का, झोपलीस का, एवढंच. आई विचारते तेव्हा म्हणतेस, बरं चाललंय.

बरं कसं चाललंय? परवाच्या सामन्यात तू मैदानात नव्हतीस. मला वाटलं, असेल पाय दुखत. काल पुन्हा नाही. राखीव खेळाडूंच्या बाकावर मात्र बसली होतीस, म्हणजे पाय ठीक आहे. तुझ्या जागी ती कोण कोवळी पोरगी घातली आहे? ती तर सारखीच मध्यात पळते, तुझ्यापेक्षा जास्त.

दहापैकी आठ मिळवलेल्या मुलीला बसवतात, हा काय प्रकार आहे? तुझं त्या बाईशी भांडण झालं का? का लोक तुझं कौतुक करतात हे तिला खुपतंय? मी काही उगाच बोलत नाही, आमच्या खात्यात असा एक साहेब होता. मी कोचबाईला पत्र लिहायला घेतलं आहे. नम्रपणेच लिहितोय. सोबत पेपराचं कात्रण जोडणार आहे. उत्तर आलं नाही तर सोमवारी टाकतो.

जेवण जात नाही. गोली म्हणतो, तू स्वतःच खेळत असल्यासारखा दमलायस.

बाबा

ता. क. ते पत्र मी पिठाच्या डब्यात लपवलंय. लवकर लिही. – आई

२३ फेब्रुवारी

बाबा,

ते पत्र टाकू नका. टाकलंत तर मी पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही, फोनवरही नाही आणि कागदावरही नाही.

मला त्या आठ गुणांच्या सामन्यामुळेच बसवलंय. त्या दिवशी मी इथे आल्यापासून सगळ्यात वाईट खेळले.

तुम्हीच लिहिलंत की मध्यात एकट्या मुलीला तिघी घेरत होत्या आणि कोणी मदत करत नव्हतं. बाबा, ती मदत म्हणजे मी! मी तिथे असायला हवं होतं. मी रेषेवर तुमच्यासमोर उभी राहून विंगर सांभाळत बसले, कारण मागून तुमचा आवाज आला. विंगर नुसती उभी होती, तिच्याकडे बॉल यायचाच नव्हता. त्यांना बॉल मधूनच मिळत होता. मग ती हलणार कशी? मी तिला हलू दिलं नाही म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शेवटी तो गोल ज्या भोकातून आला, ते भोक मीच पाडलं होतं. त्यावर माझं नाव नव्हतं एवढंच. म्हणून त्या बिचारीला पेपरात तीन गुण मिळाले आणि मला आठ. ती तीन दिवस जेवली नाही. तिच्याकडे बघायची लाज वाटते मला.

दुसऱ्या दिवशी कोचबाईंनी विचारलं, "कोण ओरडत होतं?" मी म्हटलं, ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, "तुला चांगलं ऐकू आलं. मी ओरडत होते ते मात्र नाही आलं." त्या आत जा म्हणून घसा फोडत होत्या, बाबा. मला फक्त तुमचं "घर" ऐकू येत होतं. मी ठरवून वळले नाही. पायच वळतात. आठ वर्षांची असल्यापासून वळतायत.

तुम्ही माझा करार वाचवायला आलात आणि तोच घालवलात, असं मला त्या रात्री वाटलं. आज तसं वाटत नाही, पण लिहायचं ठरवलं होतं म्हणून लिहिते. मी एवढी चिडले आहे की हे पाकीट चिकटेपर्यंतही डोकं थंड होणार नाही.

भिंगरी

४ मार्च

बाळा,

यांनी लिहायचं सोडून दिलंय म्हणून मी लिहितेय. मला त्या खेळातलं काही कळत नाही, तेव्हा ज्यातलं कळतं तेवढंच लिहिते.

तुझं पत्र यांनी उभ्यानेच वाचलं. मग पिठाच्या डब्यात हात घालून ते दुसरं पत्र काढलं. मला वाटलं होतं, कुठे ठेवलंय ते यांना ठाऊक नाही. फाडलं, आणि हात न धुताच बाहेर निघून गेले. दाराच्या कडीला अजून पीठ आहे. कारखान्यात पहिल्यांदाच पट्ट्यावरून तडा गेलेल्या बाटल्या सुटल्या म्हणे. मुकादम घरी विचारायला आला, तब्येत बरी आहे ना.

आता तीन-चार दिवस जेवणाच्या टेबलावर बाटल्यांची बुचं मांडून बसतात. अकरा इकडे, अकरा तिकडे. गोलीभाऊजी येतात, दोघं बुचं सरकवतात आणि भांडतात. मला भाजी ठेवायला जागा नाही. काल एक बूच मी पातेल्याखाली चेपलं तर हे ओरडले, "अगं ती आपली भिंगरी आहे!" मी म्हटलं, मग तिला मध्यात कशाला ठेवलीत? तर म्हणाले, "तिथेच असते ती."

रागावली असशील तर रागाव. माणूस वाईट नाही. तुझ्या काळजीने वेडा झालाय आणि वेड्याला बसायला जागा पुरत नाही.

आई

११ मार्च

भिंगरी,

एकच विचारायचं आहे. तू आत गेलीस की तुझ्या मागची जागा कोणी बघायची?

हे जानेवारीतच विचारायला हवं होतं. मी "कुठे होतीस" एवढंच विचारलं.

बाबा

१८ मार्च

बाबा,

लांबीने.

जानेवारीत नाव लिहिलं नाही, त्यामागे गुपितबिपित काही नव्हतं. ती तुमचं पत्र मला वाचून दाखवत हसत होती आणि ते दोन्ही गोल तिला सरकायला उशीर झाल्यामुळे झाले होते. तिला ते माहीत होतं, मलाही. ती पण या रचनेत नवीन होती. तिचं नाव लिहिलं असतं तर तुम्ही तिच्यामागे हात धुऊन लागला असता.

मी आत गेले की लांबी डावीकडे सरकते, तिच्या जागी दुसरी स्टॉपर येते, तिच्या जागी उजवी फुलबॅक. बॉल आमच्याकडून गेला तर माझं पहिलं काम मागे पळायचं नाही. ज्या मुलीने बॉल हिसकावला तिच्या अंगावर जायचं आणि तिला दोन क्षण अडवून धरायचं. लांबी पोचायला तेवढा वेळ लागतो. मी अडवलं तर लांबी वेळेवर, मी अडवलं नाही तर लांबीला देवही पोचवू शकत नाही. म्हणून माझा खेळ बघायचा तर नुसतं माझ्याकडे बघून चालत नाही. टीव्हीवर हे दिसणारच नाही. कॅमेरा बॉलच्या मागे धावतो आणि आमची निम्मी कामं बॉल नसतो तिथे चालतात.

मागच्या आठवड्यापासून कोचबाई मला शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवतात. काल पूर्ण वेळ खेळवलं. पेपराने पाच दिले. त्या म्हणाल्या, बरं होतं. "बरं" म्हणजे काय, यावर मी आणि लांबी अर्धा तास डोकं लावत होतो.

शेवटचा सामना अकरा मेला, आमच्याच मैदानावर. त्या दिवशी बघून करार ठरवणार, असं त्यांनी मला सरळ सांगितलंय. तुम्ही या. पण माझ्या बाजूला बसू नका. सगळ्यात वरच्या रांगेत, गोलच्या मागे बसा. तिथून सगळी ओळ दिसते. मी जिला सोडून जाते तिच्याकडे बघा. आणि बाबा, आवाज नको.

भिंगरी

१२ मे

भिंगरी,

आलो होतो. भेटलो नाही, कारण शेवटच्या गाडीने परत यायचं होतं आणि आईची आज सकाळची पाळी. शिवाय भेटलो असतो तर बोललो असतो.

गोलच्या मागे सगळ्यात वर बसलो. एवढ्या वर की आईला धाप लागली. तिने बरोबर गोळ्यांचा पुडा आणला होता, पेपरमिंटच्या. मी तोंड उघडलं की ती आत एक गोळी सारायची. सामना संपेपर्यंत माझी जीभ बधिर झाली होती.

तू म्हणतेस तसं वरून सगळं दिसतं. तू आत निघालीस आणि माझं तोंड उघडलं, सवयीने. मग लांबीकडे बघितलं. तिने सरकायला घेतलंच होतं. तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी. झोपेत एकाने चादर ओढली की सगळ्यांना कूस बदलावी लागते, तसं. मी एवढी वर्षं खेळलो, एवढी वर्षं बघितलं, आणि माझ्या डोळ्यांना हे कधी दिसलं नव्हतं, कारण मी एकाच माणसाकडे बघायचो. पट्ट्यावर बाटली एकेकटी येते गं. एकटीच फुटते, एकटीच टिकते. माझी नजर त्याची झाली आहे.

तुमच्या दोन गोलांपैकी पहिला तर तुझ्यामुळे झाला. पेपरात तुझं नावही नसेल. तू मध्यात नुसती उभी राहिलीस, म्हणून त्यांची मुलगी तुझ्याकडे आली आणि तुमच्या विंगरला मोकळं रान मिळालं. मी आईला हे सांगायला गेलो तर तिने गोळी घातली.

मग त्यांचा गोल झाला. तुझ्याच बाजूने. पुढच्या रांगेत एक टोपीवाला होता. उठून म्हणाला, "ही पोरगी दर वेळी जागा सोडून पळते. हिला घरी पाठवा!" मी पुडा आईच्या हातातून काढून घेतला आणि खाली उतरलो. म्हटलं, "तुम्हाला खेळ कळतो का हो? ती पळत नाही, तिला पाठवतात. मागची जागा त्या उंच मुलीची आहे. ती उंच मुलगी उशिरा आली, तिला विचारा!" तो म्हणाला, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "मी फुलबॅक आहे." चांगली जुंपली आमची. आजूबाजूचे लोक सामना सोडून आमच्याकडे बघायला लागले. शेवटी आईने माझ्या हातातला पुडा घेऊन दोघांनाही एकेक गोळी दिली.

जिंकलात, पण ती बाई काय ठरवते कोण जाणे. सकाळपासून तीनदा दाराशी जाऊन आलो. पोस्टमन दुपारी येतो, हे मलाही माहीत आहे.

बाबा

१७ मे

बाबा,

तो गोल माझा होता.

लांबीचा नाही. ती निघाली होती. बॉल गेला तेव्हा मी त्यांच्या मुलीच्या अंगावर जायला हवं होतं, दोन क्षण. मी वळले आणि रेषेकडे पळाले. तिला कोणी अडवलंच नाही, तिने मान वर केली, मोकळी जागा बघितली आणि लांब बॉल टाकला. लांबी रस्त्यातच राहिली. सगळ्यांना वाटलं, फुलबॅक बिचारी जीव तोडून मागे पळतेय आणि स्टॉपर झोपली आहे. कपडे बदलताना लांबी मान खाली घालून बसली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी.

सगळ्यात वाईट काय, सांगू? कोणी हाक मारली नव्हती. तुम्ही गोळ्या खात वर बसला होतात. तरी मला ती ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी कोचबाईंनी बोलावलं. छोट्या पडद्यावर तो गोल लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझा. त्यांनी पडदा बंद केला. म्हणाल्या, "हे मला तुला सांगावं लागलं असतं तर आज वेगळं बोलले असते." मग ड्रॉवरमधून कागद काढले. दोन वर्षांचा करार आहे, बाबा. सही केली, पण ती माझ्यासारखी आलीच नाही.

तुम्ही टोपीवाल्याशी भांडलात ते वाचून मी रडले. लांबीने विचारलं तर तिला खोटंच सांगितलं की करारामुळे. पण तुमचं पत्र वाचून चैनही पडत नाही. मी चुकले, आणि तुम्ही पहिल्यांदाच माझी बाजू घेतलीत तीही नेमकी त्याच गोलाला. पुढच्या पत्रात मला नीट रागवा. तुमच्यासारखं दुसरं कोणी रागवत नाही.

भिंगरी

२३ मे

भिंगरी,

आई सकाळपासून शेजारीपाजारी करार सांगत फिरतेय. चोवीस महिने, हे तिला पाठ झालंय. गोली येऊन टेबलावरच्या तुझ्या बुचाच्या पाया पडून गेला.

तो गोल तुझा होता, हे मला तेव्हाच दिसलं होतं. वरून सगळं दिसतं, तूच लिहिलं होतंस. बॉल गेला, ती मुलगी तुझ्यापासून हाताच्या अंतरावर होती आणि तू तिच्याकडे पाठ केलीस. मी कपाळावर हात मारला, आईला विचार. पण टोपीवाला परका माणूस. चारचौघांत, परक्यासमोर आपल्या पोरीची चूक मोजायची असते का? ती घरात सांगायची. आणि घरात सांगायला, म्हणजे पत्रात लिहायला बसलो, तेव्हा पेन पुढे जाईना. जानेवारीपासून एवढं रागावून झालं होतं की म्हटलं, एक गोल जाऊ दे. लांबीच्या माथी मात्र उगाच मारला. तिला सांग, बाह्यांसकट तो स्वेटर तिचाच.

आता मागितलंस म्हणून रागावतो. पाठ करायची नाही. कोणीही हाक मारू दे, बापाने मारली तरी, बॉल जिच्याकडे आहे तिच्याकडे पाठ करायची नाही. दहापैकी सहा.

आणि तुला जी ऐकू आली त्या हाकेचं मी ठरवलंय. मैदानात ती आता कधीच मारणार नाही, टीव्हीसमोर एकटा असलो तरी नाही. एकदाच मारणार आहे, तुझी सुट्टी लागली की आपल्या दारात उभा राहून. तेवढ्या एका वेळी गिरकी मारायची आणि सरळ यायचं.

बाबा